आतड्यातली मोठी गाठ दुर्बिणीने अख्खी काढायची तर ताण हवा, आणि तो योग्य दिशेला हवा

कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘असेंडिंग कोलन, सुमारे ४० मिमी, एलएसटी, बायोप्सी घेतलेली नाही, पुढील उपचारासाठी पाठवत आहे’ अशी ओळ असली, की गोंदिया-भंडाऱ्याहून नागपूरला निघालेल्या घरात पहिला वाद ठरलेला असतो. बायोप्सीच घेतली नाही, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी काम अर्धवट सोडलं का? तसं नाही. बहुतेक वेळा त्यांनी विचार करूनच चिमटा लावलेला नसतो. त्यामागचं कारण पुढे येईलच, पण त्याआधी आतड्याची भिंत समजून घ्यावी लागेल.

असेंडिंग कोलन म्हणजे मोठ्या आतड्याचा उजव्या बाजूचा, वर जाणारा भाग. एलएसटी म्हणजे आतड्याच्या आतल्या अंगाने आडवी पसरत जाणारी गाठ. देठाला लोंबणारा पॉलिप चटकन नजरेत भरतो. ही गाठ मात्र दोन-चार मिलिमीटर उंचीची असते आणि तिचा पसारा तीन-चार सेंटीमीटरचा, कधी त्याहूनही मोठा असतो. मोठ्या आतड्याची भिंत जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते. गॅस भरून आतडं फुगवलं की ती आणखी पातळ होते, आणि सगळ्यात पातळ असते उजव्या बाजूला, सिकमजवळ, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं त्या पिशवीजवळ. या तीन मिलिमीटरांत आतून बाहेर असे थर असतात: सर्वांत आत अस्तर, म्हणजे म्यूकोसा, त्याखाली सैल, जाळीदार सबम्यूकोसा, मग स्नायूंचा थर, आणि सगळ्यात बाहेर पातळ आवरण. गाठ सुरू होते अस्तरात. कॅन्सर झालाच तर तो आधी सबम्यूकोसात उतरतो. तिथे एक मिलिमीटरपेक्षा कमी खोल गेलेला असेल आणि बाकीच्या खुणा चांगल्या असतील, तर लसिकाग्रंथींत पसरण्याची शक्यता इतकी कमी असते की पोट न उघडता काम भागतं.

म्हणजे कापायचं कुठे हे ठरलेलं आहे. सबम्यूकोसाच्या सैल थरातून आडवं जायचं, गाठ वर ठेवायची आणि स्नायू खाली शाबूत राखायचा. ऐकायला सोपं आहे, पण हा थर एक-दोन मिलिमीटरचा असतो आणि त्यातच रक्तवाहिन्या असतात.

फास की सुरी

दुर्बिणीतून गाठ काढायची जुनी आणि आजही सर्वांत जास्त वापरली जाणारी रीत म्हणजे ईएमआर (एंडोस्कोपिक म्यूकोसल रिसेक्शन). गाठीखाली द्रव टोचून ती वर उचलायची, तारेचा फास, म्हणजे स्नेअर टाकायचा, आवळायचा आणि करंट देऊन कापायचं. वीस मिलिमीटरपर्यंतची गाठ अशी एका घावात अख्खी निघू शकते. त्यापुढे मात्र तुकडे करावे लागतात. तुकड्यांत काढलेल्या मोठ्या गाठींपैकी साधारण १५ ते २० टक्के गाठी त्याच जागी पुन्हा उगवतात. काढलेल्या जागेची कड स्नेअरच्या टोकाने नीट शेकून घेतली, तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. तुकड्यांचा दुसरा तोटा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर कळतो. कोणत्या तुकड्याची कड बाहेरची आणि कोणत्याची मधली, हे सांगता येत नाही. आत कॅन्सर सापडला तर तो पूर्ण निघाला की नाही, याचं उत्तर मग कुणीच छातीठोकपणे देऊ शकत नाही.

दुसरी रीत ईएसडी, म्हणजे एंडोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन. यात फास नसतो. दुर्बिणीतून जाणाऱ्या, दीड-दोन मिलिमीटर टोकाच्या इलेक्ट्रिक नाइफने गाठीभोवती चीर देऊन खालचा सबम्यूकोसा धागा-धागा कापत गाठ अख्खी सोडवतात. ही पद्धत १९९० च्या दशकात जपानमध्ये जठराच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठी घडली. मोठ्या आतड्यासाठी जपानच्या राष्ट्रीय आरोग्य विम्याने तिला एप्रिल २०१२ मध्ये मान्यता दिली. फ्रान्समधल्या सहा केंद्रांनी २५ मिमीपेक्षा मोठ्या गाठींवर दोन्ही पद्धतींची थेट तुलना केली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर गाठ परत आल्याचं प्रमाण ईएसडीत ०.६ टक्के होतं आणि तुकड्यांच्या ईएमआरमध्ये ५.१ टक्के. मात्र दुष्परिणाम ईएसडीत जास्त होते, हेही त्याच अभ्यासात आहे आणि ते सोयीस्करपणे वगळून चालणार नाही.

प्रत्येक मोठ्या गाठीला ईएसडी लागत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. सगळीकडे सारख्या बारीक दाण्यांची एलएसटी असेल तर तिच्यात कॅन्सर असण्याची शक्यता कमी असते, ती तुकड्यांत नीट काढली तरी चालतं. मधेच मोठा गोळा असेल, गुळगुळीत गाठीच्या मध्यभागी खळगा असेल, किंवा पृष्ठभागावरची नक्षी विस्कटलेली दिसत असेल (जपानी जेनेट वर्गीकरणातला २-बी प्रकार), तर ती अख्खीच निघायला हवी. आणि नक्षी पूर्ण पुसली गेली असेल, म्हणजे प्रकार ३ असेल, तर दुर्बिणीचा हट्ट न धरता सर्जनकडे जावं.

एकाच हाताचं दुखणं

ईएसडीत वेळ का लागतो आणि आतड्याला भोक का पडतं, हे समजलं की ताण देण्याच्या सगळ्या युक्त्या आपोआप समजतात.

पोट उघडून शस्त्रक्रिया करणारा सर्जन एका हाताने ऊतक ओढतो आणि दुसऱ्याने कापतो. शिवाय समोर मदतनीसही ओढून धरायला उभा असतो. दुर्बिणीत काम करायची नळी बहुधा एकच असते, तीन ते चार मिलिमीटर रुंद. तिच्यात नाइफ घातली की जागा संपली. ओढायला हातच उरत नाही.

शिवण उसवताना नेमकं काय करतो ते आठवा. डाव्या हाताने कापडाचे दोन पदर एकमेकांपासून दूर ओढतो. मग मधले टाके ताणून उघडे पडतात आणि ब्लेडचं टोक बरोबर टाक्यावर जातं. पदर सैल सोडले तर टाके आत दडतात आणि ब्लेड कापडाला लागतं. सबम्यूकोसाचं तंतोतंत तसंच आहे. ताण असला की तंतू उभे राहतात, त्यांतल्या वाहिन्या वेगळ्या दिसतात आणि स्नायूची पांढरी रेघ खाली स्पष्ट होते. ताण नसला की अस्तर आणि स्नायू एकमेकांना चिकटून राहतात. मग नाइफ कुठे चालली आहे हे अंदाजाने ठरतं, आणि इथे अंदाज चुकायला एक मिलिमीटरही खूप होतो. आतड्याच्या ईएसडीत शंभरात साधारण पाच जणांना भोक पडतं.

द्रव टोचल्याने थर फुगतो, पण तो फार वेळ टिकत नाही. साधं सलाइन काही मिनिटांत पसरून जातं. हायल्युरॉनिक ॲसिड किंवा ग्लिसरॉलचं मिश्रण जास्त वेळ टिकतं. त्यात इंडिगो कारमाइन किंवा मिथिलीन ब्लूचे थेंब घालतात, म्हणजे सबम्यूकोसा निळा आणि स्नायू पांढरा दिसतो. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे आधीच गाठीभोवती पूर्ण गोल चीर देऊन टाकणं. चारी बाजूंनी चीर पडली की टोचलेला द्रव गळून जातो, गाठ आक्रसून गोळा होते आणि तिच्या खाली शिरायला वाटच राहत नाही. म्हणून अनुभवी हात आधी गुदद्वाराकडची कड उघडतात, तिथून खाली शिरतात आणि पलीकडची कड बराच वेळ तशीच ठेवतात.

फुकटचा ताण

क्लिप आणि रबराकडे वळण्याआधी गुरुत्वाकर्षण वापरलं का, हे पाहायचं असतं. त्याला पैसे लागत नाहीत. आतड्यात थोडं पाणी सोडायचं आणि ते कुठे साचतं ते बघायचं. गाठ पाण्यात बुडाली असेल तर ती खालच्या बाजूला आहे. मग सुटत आलेला भाग जागच्या जागी पडून राहणार आणि रक्त आलंच तर तेही तिथेच साचणार. रुग्णाला डाव्या कुशीवरून पाठीवर किंवा उजव्या कुशीवर वळवायचं, म्हणजे गाठ वरच्या बाजूला येते आणि कापलेली कड स्वतःच्या वजनाने खाली लोंबून थर उघडा करते. गुंगीत असलेल्या माणसाला वळवायला तिघं तरी लागतात. वळवताना मांडीवर चिकटवलेली कॉटरीची, म्हणजे कापायचा करंट परत नेणारी प्लेट सुटते किंवा अर्धी उचलली जाते, तेव्हा ती दरवेळी हाताने चाचपून पाहावी लागते. अर्धवट चिकटलेल्या प्लेटमुळे त्वचा भाजते.

दुसरा फुकटचा आधार म्हणजे दुर्बिणीच्या टोकावर बसवलेली पारदर्शक टोपी. ती काही मिलिमीटर पुढे आलेली असते. कडेखाली टोपी सरकवली की तिनेच कड वर उचलली जाते. याच कल्पनेवर पॉकेट पद्धत उभी आहे. जपानमधल्या जिची वैद्यकीय विद्यापीठात ती विकसित झाली. चीर अगदी लहान ठेवायची, आत शिरायचं, गाठीखाली खिसा तयार करायचा आणि कडा सगळ्यात शेवटी कापायच्या. द्रव खिशातच राहतो आणि टोपी आतून दोन्ही थर ताणून धरते. खूप मोठ्या आणि चट्टे पडलेल्या गाठींत ही पद्धत फार कामाची आहे. गैरसोय एकच, शेवटच्या टप्प्यात कडा कापताना खिशाची बाजू कुठे संपते ते पटकन कळत नाही.

काही जण गॅसऐवजी आतड्यात सलाइन भरून काम करतात. कड पाण्यात तरंगते आणि वर उचलली जाते. मात्र सलाइनमधून करंट पसरतो, त्यामुळे मशीनची सेटिंग बदलावी लागते. उजव्या बाजूला सबम्यूकोसात चरबी जास्त असली तर पाणीही लवकर गढूळ होतं.

दोरा बांधलेली क्लिप

बाहेरून ताण द्यायची सर्वांत साधी युक्ती म्हणजे क्लिपच्या एका पात्याला दात साफ करायचा फ्लॉस बांधणं. दुर्बीण बाहेर काढायची, क्लिप नळीतून टोकाशी आणायची, तिथे दोरा बांधायचा आणि दोरा दुर्बिणीच्या बाहेरून ठेवून पुन्हा आत जायचं. गाठीच्या सुटलेल्या कडेवर क्लिप लावायची आणि बाहेर लोंबणारं दोऱ्याचं टोक मदतनीसाने हलक्या हाताने ओढायचं.

जपानमध्ये अन्ननलिका आणि जठर या दोन्हींवर याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. जठरात, २०१८ च्या चाचणीत, एकूण वेळेत फारसा फरक पडला नाही. फायदा दिसला तो ठरावीक अवघड जागांवर. अन्ननलिकेत, २०२० च्या चाचणीत, सरासरी वेळ ६०.५ मिनिटांवरून ४४.५ मिनिटांवर आला. असा फरक का? अन्ननलिका सरळ नळी आहे, तिथे दोरा ओढला की कड बरोबर दुर्बिणीच्या समोर उघडते. जठर ऐसपैस आहे, तिथे ताण कोणत्या बाजूला जाईल हे गाठीच्या जागेवर ठरतं. म्हणजे किती जोराने ओढलं यापेक्षा कोणत्या बाजूला ओढलं, हे महत्त्वाचं. आतड्यात हाच धडा जास्त लागू पडतो.

गुदाशयात दोरा छान चालतो. सिकमपर्यंत जाताना मात्र तो वळणावळणाला अडकतो. शिवाय क्लिप लावण्यासाठी दुर्बीण पूर्ण बाहेर काढून एवढं अंतर पुन्हा कापायचं, आणि ओढ मिळणार ती एकाच बाजूची, गुदद्वाराकडची. म्हणून उजव्या आतड्यासाठी वेगळा मार्ग शोधावा लागला: ताण बाहेरून द्यायचाच नाही, आतड्याच्या समोरच्या भिंतीचाच आधार घ्यायचा.

क्लिप आणि रबर, टप्प्याटप्प्याने

जपानमध्ये यासाठी छोटी स्प्रिंग लावलेली तयार क्लिप निघाली, तिला एस-ओ क्लिप म्हणतात. फ्रान्समधल्या लिमोज शहरातल्या गटाने दोन साध्या क्लिप आणि एक रबर वापरून तेच साधलं. रबर म्हणजे दातांच्या तारांना लावायचं, पाच-सहा मिलिमीटर व्यासाचं. आपल्याकडे परवडणारी हीच पद्धत आहे, म्हणून ती जवळून पाहू.

आधी गाठीखाली निळा द्रव टोचून गुदद्वाराच्या बाजूची चीर पूर्ण करायची. मग थोडं खाली शिरून कड जवळपास एक सेंटीमीटर मोकळी करायची. ही घाई करण्याची जागा नाही. कड पुरेशी सुटली नसेल तर क्लिपची पाती अस्तराबरोबर खालचा स्नायूही पकडतात, आणि तिथून पुढचा सगळा ताण स्नायूवर जातो.

पहिल्या क्लिपच्या पात्यात रबर अडकवून क्लिप मिटायची आणि नळीतून आत घालायची. नळीच्या तोंडावरच्या रबरी झाकणात हे रबर अटकतं, म्हणून झाकण क्षणभर काढतात आणि रबर सलाइनने ओलं करतात. क्लिप लावायची ती सुटलेल्या कडेच्या मध्यभागी, शक्यतो गाठीच्या बाहेर ठेवलेल्या निरोगी अस्तराच्या पट्टीवर. गाठीवरच लावली तर ताणाने तिथला भाग फाटतो आणि पॅथॉलॉजिस्टला तेवढी कड वाचता येत नाही.

आता दुसरी क्लिप. तिच्या एका पात्याने लोंबणारं रबर उचलायचं. मग आतड्यातला थोडा गॅस काढून घ्यायचा, म्हणजे समोरची भिंत जवळ येते. तिथे, गाठीच्या बरोबर समोर किंवा थोडं सिकमच्या दिशेने, क्लिप बसवायची. सिकमच्या दिशेने का, तर सुटलेली कड उचलली जाऊन पलीकडे वळते आणि दुर्बिणीसमोर निळा थर उघडा पडतो. तीच क्लिप अलीकडे, गुदद्वाराकडे लावली, तर कड दुर्बिणीच्या भिंगासमोरच येऊन बसण्याची भीती असते. समोरच्या भिंतीवर क्लिप खोल रुतवायची नाही, घडीचा माथा पकडला की पुरे.

मग कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आतडं फुगतं, दोन्ही भिंती दूर जातात, रबर ताणलं जातं आणि कड वर उचलली जाते. या पद्धतीतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. ताण किती ठेवायचा ते गॅसच्या बटणावर ठरतं. कमी वाटला तर फुगवा, जास्त झाला तर ओढून घ्या. साध्या हवेऐवजी कार्बन डायऑक्साइडच हवा, कारण तो आतड्यातून लवकर शोषला जातो आणि चुकून भोक पडलंच तर पोटात हवा साठून होणारा त्रास कमी राहतो.

आता नाइफ सबम्यूकोसाच्या खालच्या भागात, स्नायूच्या किंचित वर, स्नायूला समांतर चालवायची. वर, गाठीला लागून, वाहिन्यांचं जाळं दाट असतं आणि तिथे कापलं तर रक्तही येतं व खोलीचा पुरावाही बिघडतो. जाड वाहिनी दिसली की आधी चिमट्याने धरून शेकायची आणि मगच कापायची.

काय बिघडतं

ताण जास्त झाला की स्नायूही वर ओढला जातो. सरळ चाललेल्या नाइफपुढे अचानक पांढरी वरंबी उभी राहते आणि ती दाट सबम्यूकोसा वाटते. ताणामुळे पडणारी भोकं बहुधा अशा जागी पडतात. उपाय म्हणजे थांबणं, थोडा गॅस काढणं, पुन्हा निळा द्रव टोचणं, आणि पांढरं-निळं वेगळं दिसल्याशिवाय करंटचं पेडल न दाबणं.

अर्धं काम झालं की ताण आपोआप सैल पडतो, कारण सुटलेला भाग समोरच्या भिंतीच्या जवळ गेलेला असतो. मग तिसरी क्लिप आणून रबर आणखी लांब बसवतात, किंवा नवं रबर लावतात. सिकमचा पोकळ भाग रुंद, तिथे एकच रबर तोकडं पडतं किंवा जास्त ताणून तुटतं, म्हणून दोन रबरं एकमेकांत गुंतवून घेतात. फ्रान्समध्येच ए-ट्रॅक्ट नावाचं साधन तयार झालं आहे. त्यात दोऱ्याचे अनेक फास गाठीच्या वेगवेगळ्या कडांना लावतात आणि मध्येच दोरा आवळून ताण पुन्हा वाढवता येतो. कल्पना उत्तम आहे. पण नेहमीच्या चार सेंटीमीटरच्या गाठीला दोन क्लिप आणि एक रबर बहुतेक वेळा पुरतं, हेही खरं.

क्लिप धातूची असते. नाइफचं टोक तिला लागलं तर करंट क्लिपमधून तिने पकडलेल्या ऊतकात जातो आणि नको तिथे भाजतं. क्लिप नेहमी नजरेत राहील अशी लावावी, ते यासाठीच. शेवटी गाठ पूर्ण सुटल्यावर ती समोरच्या भिंतीला रबराने बांधलेलीच असते. उत्साहात ती ओढली तर भिंत फाटू शकते. आधी रबर कापायचं किंवा समोरची क्लिप सोडवायची, मग गाठ जाळीत घेऊन बाहेर काढायची. रबर बहुधा लॅटेक्सचं असतं, तेव्हा लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. हातमोजे घातल्यावर किंवा फुगा फुगवताना खाज सुटत असेल तर तेही सांगण्यासारखंच आहे.

आणि ज्या अडचणीपुढे ताणही हतबल होतो ती म्हणजे चट्टा. आधी तीन-चार ठिकाणी बायोप्सी घेतली असेल, गाठीच्या खालीच काळी शाई टोचून खूण केली असेल, किंवा स्नेअरने काढायचा अर्धवट प्रयत्न झाला असेल, तर सबम्यूकोसाचा सैल थर आक्रसून पांढरा, चिवट होतो. द्रव टोचला तरी तो फुगत नाही. ताण थर उघडून दाखवतो. थरच उरला नसेल तर तो तयार करू शकत नाही. रिपोर्टवर ‘बायोप्सी घेतलेली नाही’ असं लिहिलेलं असतं ते म्हणूनच. दुर्बिणीने निघण्यासारखी दिसणारी गाठ असेल तर चिमटा न लावता नीट फोटो काढून पुढे पाठवणं हेच चांगलं. शाईची खूण करायचीच झाली तर गाठीपासून तीन सेंटीमीटर तरी दूर, गुदद्वाराच्या बाजूला करावी.

नागपूरला येताना

धंतोली-रामदासपेठेतला खासगी दवाखाना असो, मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय असो, तयारी सारखीच. आतडं स्वच्छ नसेल तर वरची सगळी कारागिरी व्यर्थ आहे. घाणीत भोक पडलं तर संसर्गही लवकर होतो. दोन-तीन दिवस आधीपासून बिया, साली आणि चोथा बंद: तर्री-पोह्यांवरचे चणे, संत्र्याच्या फोडी, पेरू, टोमॅटो, पालेभाजी, आणि सावजी रस्साही. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पातळ वरण, दही, ताक चालतं. आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, तेही लाल किंवा नारिंगी रंगाचे नकोत, कारण आत ते रक्त वाटू शकतं. जुलाबाचं औषध, म्हणजे पेगचं मिश्रण, दोन वेळांत विभागून घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ होतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना बाहेरगावाहून हे मिश्रण पीत पीत बसने येणं टाळा. आदल्या दिवशी नागपुरात पोहोचा आणि सोबत मिठा-साखरेचं पाणी घेत राहा. वय जास्त असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर सोडियम फॉस्फेटचं जुलाबाचं औषध मेडिकल स्टोअरमधून स्वतःहून आणू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या हे गोळीवर आणि हृदयाच्या स्थितीवर ठरतं. हृदयरोगतज्ज्ञ आणि एंडोस्कोपी करणारे डॉक्टर यांचं एकमेकांशी बोलणं होऊ द्या, स्वतः बंद करू नका.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न सरळ आहेत. गाठ अख्खी काढणार की तुकड्यांत, आणि का? भोक पडलं तर क्लिपने बंद करायची सोय आणि सर्जन त्याच इमारतीत आहेत का? किती क्लिप लागतील आणि त्या बिलात वेगळ्या धरणार का? सरकारी योजनेत हा उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तारीख ठरण्याआधीच विचारा. वेळेचा अंदाजही विचारा. मोठ्या गाठीला एक ते तीन तास लागू शकतात, त्यामुळे बाहेर बसलेल्यांनी तासाभरात घाबरून जाऊ नये.

नंतर एक ते तीन दिवस दवाखान्यात ठेवतात. छोटं भोक आतच क्लिपने बंद झालं तर उपाशी ठेवून, अँटिबायोटिक देऊन बहुतेकांचं शस्त्रक्रियेविना निभावतं. कधी भोक नसतानाही शेकल्यामुळे एक-दोन दिवस ताप आणि एका जागी दुखणं असतं, तेही औषधांनी थांबतं. उशिरा होणारा रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो. गडचिरोली, बालाघाट किंवा चंद्रपूरच्या आतल्या गावात परतायचं असेल तर पहिला आठवडा नागपुरात किंवा मोठ्या दवाखान्याच्या जवळ काढलेला बरा. पोट कडक होणं, वाढत जाणारं दुखणं, ताप किंवा संडासातून गुठळ्यांसह रक्त, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

काढलेली गाठ थर्माकोल किंवा कॉर्कवर टाचण्यांनी ताणून लावतात, सिकमकडची आणि गुदद्वाराकडची बाजू लिहितात आणि दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये बुडवतात. न ताणता बाटलीत टाकली तर ती गुंडाळी होऊन कडक होते आणि कडा वाचता येत नाहीत. पॅथॉलॉजिस्ट तिचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून पाहतात. रिपोर्टमध्ये चार गोष्टी शोधा: बाजूच्या आणि खालच्या कडा मोकळ्या आहेत का, कॅन्सर असेल तर सबम्यूकोसात किती खोल, हजार मायक्रॉनच्या आत की बाहेर, रक्तवाहिनी किंवा लसिकावाहिनीत पेशी शिरल्या आहेत का, आणि बडिंग, म्हणजे कॅन्सरच्या कडेला सुटे झालेले पेशींचे छोटे पुंजके, कोणत्या दर्जाचं आहे. चारही समाधानकारक असतील तर पुढची कोलोनोस्कोपी साधारण वर्षाने. गाठ तुकड्यांत निघाली असेल तर तीन ते सहा महिन्यांत. चारांतली एकही बाजू बिघडली असेल तर आतड्याचा तो भाग काढायचा का, यावर सर्जनशी बोलणं आलं.

डिस्चार्ज कार्डावर क्लिपचा प्रकार आणि संख्या लिहून घ्या. समोरच्या भिंतीवरची क्लिप काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपली आपण गळून संडासावाटे जाते, पण तोपर्यंत एमआरआय करायची वेळ आली तर तिथल्या तंत्रज्ञाला ते कार्ड आधी दाखवावं लागतं.